नाव न घ्यायची मुळी

चौसाळा
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. पौर्णिमास,

सिंधुआत्याचा सप्रेम जयभीम.

पायाचं प्लास्टर कव्हा काढणार म्हणाले? स्कुटीवरनं पडायचं वय हाय का तुझं? तुझा बाप बैलगाडीतनं पडला न्हाई कधी, आन् तू कालेजातली मास्तरीण भर चौकात आपटलीस. असू दे. हाड नीट बसू दे, घाई करू नको.

फोन केला असता, पर माझे कान गेल्यापासून मी वरडते, तू वरडतीस, आन् वस्तीला फुकटचा तमाशा. नातवाच्या मोबाईलवर लिहिलं की तो साऱ्या घराला वाचून दाखवतो. म्हणून ही चिठ्ठी प्रविणच्या हाती देते. त्याचा भाजीचा टेम्पो पहाटे मांजरसुंब्यावरनं संभाजीनगरच्या मंडईला जातो, नऊच्या आत तुझ्या दारात येईल. उत्तर त्याच्याच हाती दे. दुपारी मला मिळतं.

इचारायचं येवढंच. तू पोरांना झाडापाल्याचं शिकवतीस, तर सांग. एका बाईनं रातच्याला काहीतरी खाल्लं. निजली, कायबी झालं न्हाई. पहाटपासून उलट्या आन् जुलाब, पटकी झाल्यावानी. दुपारी उचलून बीडच्या दवाखान्यात नेली. काय आसंल ते?

कोण बाई, तुला कावून पाहिजे, असं उलटं इचारत बसू नको. लवकर लिही.

तुझी,
सिंधुआत्या

---

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ९ ऑक्टोबर

आत्या, जयभीम.

"काहीतरी" नावाचं विष माझ्या एकाही पुस्तकात नाही. तू गावाला औषधाच्या मुळ्या देतेस, पण बारा वर्षं विचारूनही मला एकीचं नाव सांगितलं नाहीस, नाव घेतलं की गुण जातो म्हणून. निदान विषाचं तरी सांग!

झाडांमधली पुष्कळशी जहाल द्रव्यं एका मोठ्या कुळातली असतात, अल्कलॉइड म्हणतात त्यांना. चवीला कडू, घडणीत नायट्रोजन, जरा घेतलं तर औषध आणि मात्रा चुकली की माणूस जातो. या कुळात भावक्या आहेत. नायट्रोजन कुठल्या आकाराच्या कड्यात बसलाय त्यावरून आम्ही त्या पाडतो, आणि दवाखान्यात त्या खुणांवरून ओळखू येतात. धोतरा पोटात गेला असेल तर डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो आणि अंगावरच्या चादरीतले नसलेले धागे उचलत बसतो. कुचला असेल तर भांडं पडल्याच्या आवाजानंही अंग कमानीसारखं ताठ होतं. बचनाग असेल तर आधी ओठांना मुंग्या येतात, मग काळजाचा ठोका चुकायला लागतो. कण्हेर या कुळातली नाही, तिचं द्रव्य निराळं, पण तीही काळजावरच जाते. आणि फवारणीचं औषध असेल तर सगळं धोतऱ्याच्या उलट, बाहुली मोहरीएवढी आणि तोंडाला फेस. त्यावर जे इंजेक्शन देतात ते ॲट्रोपिन धोतऱ्याच्याच भावकीतलं आहे. म्हणजे एकाचं विष दुसऱ्याचा उतारा. म्हणूनच नुसतं "झाडपाला खाल्ला" एवढ्यावर डॉक्टरला काही करता येत नाही, नेमकं कोणतं ते कळायला हवं.

तेव्हा मला सांग, बाहुल्या कशा आहेत? झटके येतात का? तोंडात, घशात जळजळ आहे का? खाल्ल्यापासून किती तासांनी सुरू झालं? आणि ती बाई कोण?

तुझ्या औषधावर मी एवढं भांडते, पण तुझ्या हातून कुणाला अपाय झाल्याचं एकदाही ऐकलं नाही. त्यामुळे तुझी काळजी नाही. त्या बाईची आहे.

पौर्णिमा

---

चौसाळा
गुरुवार, संध्याकाळी

पौर्णिमा,

ती मोहनरावांची सून, सायली. पन्नास एकरवाले, दोनदा सरपंच झालेले मोहनराव, तेच. सव्वा महिन्याची बाळंतीण हाय, पहिलीच येळ, लेक झाली. आपली सारजाबाई त्यांच्या परसात भांडी घासती, तिनं जे सांगितलं ते लिहिते.

बाहुल्या नेहमीसारख्या हायत. बरळत न्हाई. झटके न्हाईत. घशात आग पडली म्हणत व्हती. खाल्ल्यावर पाच-सहा घंटे निवांत निजली, मग सुरू झालं. आता सलाईनवर हाय, उलट्या थांबल्यात, आज दोन घोट चहा घेतला. डाक्तर म्हणला पोट बिघडलं व्हतं, शनिवारी घरी सोडतो. म्हणजे निभावलं म्हणायचं, न्हाई का?

गावात मात्र भलतंच उठलंय. लेक झाली म्हणून सासूनं, वनमालाबाईनं, दुधातनं काहीतरी घातलं म्हणतेत. सायलीचा भाऊ अमरसिंह तलवाड्याहून येऊन दवाखान्यात ठाण मांडून बसलाय. बहीण घरी सोडली की सरळ ठाण्यात जाऊन सासूचं नाव देतो म्हणतोय. वनमालाबाई तोंडाची फाटकी हाय, आमाला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई तिनं. आता मला काय ठावं कुणी काय घातलं. उचलली जीभ आन् लावली टाळ्याला, गावाचं असंच असतं.

येवढंच सांग, बरं वाटायलं म्हणजे धोका टळला ना?

सिंधुआत्या

---

छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

आत्या,

प्रविणला खाली थांबवून लिहिते आहे. नीट वाच.

धोका टळलेला नाही. आता खरा सुरू होतोय.

पाच-सहा तास काही नाही, मग पटकीसारखे जुलाब, घशात आग, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा हुशारी. माझ्या डोळ्यांसमोर एकच झाड येतंय, कळलावी. पावसाळ्यात बांधावर चढते ना, पानाच्या टोकाला आकडा असतो आणि फूल लाल-पिवळं पेटल्यासारखं, तीच. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं. त्याचा नायट्रोजन कड्यात बसत नाही, बाहेर लटकतो, म्हणून काही पुस्तकं त्याला खऱ्या भावकीत धरतच नाहीत. काम मात्र भावकीत सगळ्यांत वाईट करतं. त्याची गोळी वातरक्तावर देतात, पायाचा अंगठा सुजून ठणकतो त्याला. ती गोळीसुद्धा डॉक्टर मोजून-मापून देतात, कारण शरीरात जिथे जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे जाऊन हे द्रव्य ते काम थांबवतं. आधी आतडं, म्हणून जुलाब. मग हाडांमधला मगज, जिथे रक्त तयार होतं. मधले एक-दोन दिवस माणूस उठून बसतो, चहा मागतो, आणि घरचे म्हणतात बरं झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, दाब उतरतो, आणि तेव्हा ती घरी असेल तर संपलं. याला उतारा नाही. पण आधी माहीत असेल तर दवाखाना तिला सोडत नाही, रोज रक्त तपासतो, पेशी वाढवायची इंजेक्शनं हाताशी ठेवतो. दोन औषधं अशी आहेत की नेहमीच्या जंतुसंसर्गावर सर्रास देतात, पण कोल्चिसीन अंगात असताना दिली तर ते आणखी चढतं. आणि तिचं दूध बाळाला अजिबात द्यायचं नाही.

मी सकाळी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पेशंट स्वतः म्हणते बाहेरचं काही खाल्लं नाही. नातेवाईकही तेच म्हणतात. तुम्ही दीडशे किलोमीटरवरून कशावरून सांगता?"

आता मला सांग. वनमालाबाईंचे गुडघे धरलेत हे मला माहीत आहे. लेपासाठी तू त्यांना ही मुळी दिली होतीस का? दिली असशील तर तीच त्यांनी सुनेला घातली, दुसरं काही नाही. सव्वा महिन्याच्या बाळाच्या आईला! आत्या, तू गप्प बसू नकोस. शनिवारी सकाळपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी पोलिसांना फोन करून वनमालाबाईंचं नाव देणार आहे. अमरसिंहचं म्हणणं आणि माझं शास्त्र एकच सांगतंय.

पौर्णिमा

---

चौसाळा
शुक्रवार, दुपारी तीन

पौर्णिमा,

पोलिसांना फोन करू नको. सासूनं न्हाई घातलं. मी दिलं.

पोरगी मंगळवारी दिवेलागणीला सारजाबाईच्या मागं मागं आली, तोंडाला पदर लावून. दूध उतरंना. सासू म्हणती पावडरच्या दुधाचा डबा आणा, नवरा म्हणतो डाक्तरला दाखवू, आन् हिला वाटतंय आपण आई म्हणून कमी पडलो. ढसाढसा रडली माझ्या ओट्यावर. आमच्या घरचं औषध घेतलं हे बंगल्यावर कळलं तर तिची धडगत न्हाई, म्हणून ती डाक्तरपाशीबी बोलत न्हाई. मी दुधाची मुळी दिली. दोन चिमटी, रातच्याला एक आन् पहाटं एक, दुधात गुळ टाकून.

दुधाची मुळी म्हणून दिली.

तुला ठाव हाय, आमी नाव बोलत न्हाई, लिहीत न्हाई. माझ्या सासूनं मला गाठीवर शिकवलं. एका गाठीची पोटली बाळंतिणीच्या दुधाची, दोन गाठीची गुडघ्याच्या लेपाची. चाळीस वर्सं चुकलं न्हाई. औंदा दसरा काढला तव्हा सुनेनं घरातलं समदं कापड धुवायला काढलं, गोधड्यापास्नं पोतेऱ्यापर्यंत. दसऱ्याला घरात धुतल्याबिगर फडकं ठेवायचं न्हाई, म्हणून पोटल्यांची फडकीबी मीच सोडून दिली. दोन्ही भुकट्या दोन पितळ्यांत काढल्या, पांढऱ्या दोन्ही, आन् फळीवर ठेवल्या. संध्याकाळी फडकी वाळून आली. बांधताना पितळ्या हलल्या व्हत्या का मीच इसरले, आता आठवत न्हाई. वासावरनं बांधल्या.

चाखलं असतं तर कळलं असतं. एक गुळमट, एक कडू. पर दुसऱ्याचं औषध आपण चाखू न्हाई, त्याचा गुण आपल्याला लागतो, असं सासूचं सांगणं. म्हणून चाखलं न्हाई.

आता खरं लिहिते. बुधवारी सारजाबाईनं उलट्यांचं सांगितलं तसं मी पोटली सोडून जिभंला लावलं. कडूजहर. तुला पहिली चिठ्ठी लिहायच्या आधीच मला ठावं व्हतं. तरी मी "एक बाई" म्हणून लिहिलं. वस्ती पंधरा घरांची हाय, मोहनरावांच्या मनात आलं तर पाणी बंद करतील, माझ्या पोराला गावात काम मिळायचं न्हाई. गाव सासूचं नाव घेऊ लागलं तव्हा मी गप बसले. तिनं आमाला कधी उंबऱ्यात घेतलं न्हाई, भोग म्हणलं. अशी झाले मी. चहा प्याली कळलं तव्हा हात जोडले, म्हणलं वाचली, झाकली मूठ तशीच राहू दे.

तू लिहिलंस बरं वाटतंय हाच घात हाय. ते वाचलं आन् फळीवरची पोटली कमरेला खोवली.

कळलावी. तेच हाय. लिहिलं बघ.

साडेतीनची काळी-पिवळी जीप हाय, मी बीडला निघाले. पोटली संगं घेतली. सुनेला सांगितलं दात दाखवायला चालले. ही चिठ्ठी प्रविणच्या घरी टाकते, उद्या तुझ्याकडं येईल. तूबी डाक्तरला फोन कर, पर त्याच्या आधी मी तिथं पोचलेली आसंन.

सिंधुआत्या

---

छत्रपती संभाजीनगर
बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रिय आत्या, जयभीम.

एकोणीस दिवस झाले, तुझी एक ओळ नाही. प्रविण रोज रिकाम्या हाताने येतो आणि "म्हातारी बोलत न्हाई कुणाशी" एवढंच सांगतो.

त्या दिवसाचं मला डॉक्टरांनी सांगितलं. मोहनरावांनी तुला वॉर्डाच्या दारात अडवलं, काय काम म्हणाले, आणि तुला वाटलं की तू हळूच सांगते आहेस. कान नसलेल्या माणसाचं हळू! तू "कळलावी दिली मी, माझ्या हातानं दिली" असं जे ओरडलीस ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं. अमरसिंह तुझ्या अंगावर धावला आणि वनमालाबाई खुर्चीवरून उठून मध्ये उभ्या राहिल्या, हेही त्यांनीच सांगितलं. तू मला सांगणार होतीस का कधी?

डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद तिथेच फाडला. शनिवारी दुपारी सायलीच्या पांढऱ्या पेशी आठ हजारांवरून सहाशेवर आल्या. चार दिवस काचेच्या खोलीत होती. इंजेक्शनं आधीच मागवलेली होती म्हणून मिळाली. मग पेशी वर चढल्या आणि केस गळायला लागले, मूठमूठ. त्या कंदाची तीच खूण, आणि केस परत येतात. रविवारी ती घरी गेली. बाळ ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी सोडली असती तर सोमवारी परत आणायची गरज पडली नसती. मी तो फोन ठेवला आणि खूप रडले.

आता दुसरं. मोहनरावांनी तुझ्यावर तक्रार दिली आहे. सोमवारी तुला ठाण्यात जबाबाला बोलावलंय. प्लास्टर निघाल्यावर मी इथल्या राधाकिशन वकिलांना भेटले. ते म्हणाले, तुझ्या बोलण्याशिवाय कुणाकडे काहीच पुरावा नाही. उलटीचा नमुना कुणी ठेवला नाही, रक्तात ते द्रव्य कुणी शोधलं नाही. तू जबाबात एवढंच म्हणायचं की मी शतावरी दिली, दुधाची मुळी, सगळ्या जगाला माहीत असलेली. दवाखान्यात मला ऐकू येत नव्हतं, काय विचारलं ते कळलं नाही, घाबरून काहीतरी बोलले. तुझे कान बघून कुणीही मानेल.

आणि पोटली. ती डॉक्टरांनी तपासायला प्रविणबरोबर माझ्याकडे पाठवली होती. मी तपासली. अर्क काढून त्यावर तीव्र गंधकाम्लाचा थेंब टाकला तर लिंबासारखा पिवळा रंग आला, पुढच्या चाचण्याही जुळल्या. शंकाच नाही. डॉक्टरांना मी हे फोनवर सांगितलं, कागदावर काही दिलेलं नाही. पोटली माझ्या कपाटात आहे आणि ती मागायला अजून कुणी आलेलं नाही. माझं म्हणशील तर तिची उद्या राख होऊ शकते.

मी पोरांना शिकवते की नोंद खोटी करायची नाही. हे लिहिताना माझी मला लाज वाटते. पण तू एकाहत्तर वर्षांची आहेस, आणि आईनंतर मला तूच आहेस. तू तुरुंगात गेलीस तर त्या खऱ्या नोंदीला मी काय करू?

तेवढं म्हण, आत्या. हात जोडते.

पौर्णिमा

---

चौसाळा
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

चि. पौर्णिमास,

सप्रेम जयभीम.

लिहिलं न्हाई कारण हात उचलंना. आता तुझी चिठ्ठी वाचून राग आला, तर उचलला.

राधाकिशन वकिलाला सांग, म्हातारीचे कान गेलेत, तोंड गेलं न्हाई. मला काय इचारलं ते चांगलं कळलं व्हतं. मोहनरावांनी इचारलं काय काम, आन् मी काम सांगितलं.

वकिलाचं बरोबर असंल, तो माझ्या भल्याचंच बोलतो. पर मी इचार केला तो ऐक. त्या दिवशी त्या डाक्तरनं माझं ऐकलं. अंगावर जुनेर, पायात चप्पल न्हाई, वरडणारी बहिरी बाई, तरी ऐकलं आन् हातातला कागद फाडला. उद्या मी म्हणले की मी घाबरून काहीबी बोलले, तर पुढल्या खेपेला माझ्यासारखीच कुणीतरी म्हातारी पळत येऊन झाडाचं नाव सांगंल, तव्हा तो डाक्तर काय करंल? म्हणंल, ह्या बाया असंच बोलतेत, मागं एक आलती. आन् ती पोरगी घरी जाऊन मरंल. तिचं पाप कुणाच्या डोक्यावर? वकील घेईल का?

आन् शतावरी म्हणलं तर इख कुठनं आलं, हे लोक इचारणारच. गाव परत वनमालाबाईकडं बघंल. तीन दिवस मी तिच्यावर जाऊ दिलं, तेवढं पुरं झालं. सारजाबाई सांगत व्हती, वनमालाबाई घरात म्हणाल्या, ती आली नसती तर सून मसणात आन् मी तुरुंगात. आन् तक्रार मागं घ्यायची न्हाई हेबी म्हणाल्या. दोन्ही खरंच हाय. त्यांच्या सुनेला इख मीच दिलं, तक्रार करणार न्हाईत तर काय साडी-चोळी करतील? बाजारात समोर आल्या, पदर सावरून बाजूनं गेल्या.

मला भीती वाटत न्हाई असं समजू नको. लई वाटती. माझं पोरगं दोन दिवस जेवलं न्हाई. सून म्हणती फडकी मी धुतली, माझंबी नाव द्या. तिला चांगली झापली. धुणं धुणारीचा काय गुन्हा, बांधणारी मी.

बाया अजून येतेत. काल एक पिंपळगावची आली, लेकीला दूध न्हाई म्हणून. तिला म्हणलं डाक्तरकडं ने, माझ्याकडं आता काही न्हाई. ती ओट्यावरनं उठंना. शेवटी मी उठून आत गेले.

आता तुझं. त्या पोटलीची राख करशील तर ह्या घराची पायरी चढू नको. तू काय तपासलंस, कसा पिवळा रंग आला, किती इख निघालं, ते समदं कागदावर नीट लिही, खाली तुझी सही कर, कालेजाचा शिक्का घे. मला वाचवायला एक शब्द कमी लिहू नको आन् मारायला एक जास्त लिहू नको. कोणत्या झाडाची कोणती खूण, माणूस दवाखान्यात आला तर काय बघायचं, जे तू मला लिहिलंस तेबी संगं लिही, त्या डाक्तरला एक कागद दे.

सोमवारी अकराला बीडच्या ठाण्यात बोलावलंय. मी साडेनऊच्या गाडीनं पोचते. तू पोटली आन् कागद घेऊन ये. तिथं माझी भाची म्हणून बसू नको, मास्तरीण म्हणून बस, आन् साहेब इचारतील त्याचं खरं उत्तर दे. माझ्याकडं बघायचं न्हाई, न्हाईतर तू रडशील.

त्यांनी सोडलं तर संध्याकाळी दोघी मिळून घरी येऊ. न्हाई सोडलं तर तू एकटी ये, सुनेला सांगून ठेवलंय, भाकरी जास्तीची टाकंल.

तुझी,
सिंधुआत्या